गुराब आणि गलबतांच्या बांधणीवर परवडणारे संदर्भग्रंथ कोणते?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवण्यासाठी आंग्र्यांच्या आरमारातील एका गुराबेची, म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजाची, लाकडी प्रतिकृती करण्याचे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. आमच्यातील एक जण होड्या बांधणाऱ्या घराण्यातला असल्यामुळे लाकडाची, जोडकामाची आणि हत्यारांची चिंता नाही. चिंता आहे ती आधाराची. दिवाळीतल्या किल्ल्यापुढे ठेवतात तसे शोभेचे जहाज आम्हांला करायचे नाही. लांबीशी रुंदीचे प्रमाण काय होते, डोलकाठ्या किती होत्या, तोफा किती पौंडी आणि कोणत्या बाजूंना होत्या, वल्ही होती का आणि असतील तर किती, ह्या प्रत्येक गोष्टीला शक्यतो त्या काळच्या लेखाचा आधार दाखवता यावा, अशी इच्छा आहे.

मनोहर माळगावकरांचे कान्होजींवरील इंग्रजी चरित्र आणि गजानन मेहेंदळे व संतोष शिंत्रे यांचे ‘शिवछत्रपतींचे आरमार’ ही दोन्ही पुस्तके वाचनालयातच मिळाली. दोन्ही वाचनीय आहेत, परंतु पहिल्यात मोहिमा आणि राजकारण अधिक आहे, तर दुसऱ्याचा काळ आमच्या विषयाच्या आधीचा आहे. भा. कृ. आपटे यांचा मराठा आरमार आणि व्यापारी जहाजे ह्यांवरील १९७३ सालचा इंग्रजी ग्रंथ सर्वांनी सुचवला. एका विक्रेत्याकडे प्रत होतीही, पण त्याने सांगितलेली किंमत ऐकून आम्ही मुकाट्याने फोन ठेवला. परदेशी विद्यापीठीय प्रकाशनांच्या पुस्तकांकडे तर पाहायलाच नको. पुस्तकांसाठी आमच्याकडे फार तर चार-पाच हजार रुपये आहेत. मुंबईस अधूनमधून जाणे होते, पुण्यास क्वचित. इंग्रजी वाचता येते, पोर्तुगीज किंवा फ्रेंच येत नाही.

एवढ्या पैशांत काय विकत घ्यावे, काय विनामूल्य मिळते आणि कशावर पैसे घालवू नयेत, ह्याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनीपाने

आपण विचारलेल्या गोष्टी, माझ्या अनुभवाने, ‘आरमार’ हा शब्द शीर्षकात असलेल्या जाडजूड ग्रंथांत फारशा सापडत नाहीत. त्या ग्रंथांचे लेखकही शेवटी दोन-तीन जुन्या इंग्रजी वर्णनांवरच अवलंबून असतात, आणि ती मूळ वर्णने आज कोणालाही घरबसल्या वाचता येतात. म्हणून आधी ती वाचावीत आणि खरेदीचा विचार नंतर करावा, असे मी सुचवेन.

सर्वांत महत्त्वाची पाने रॉबर्ट ऑर्म ह्याची आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील लष्करी हालचालींचा जो इतिहास त्याने लिहिला, त्याचा पहिला खंड १७६३ साली निघाला, म्हणजे विजयदुर्ग पडल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी. आंग्र्यांची हकीकत सांगताना तो थांबून गुराबेचे आणि गलबताचे वर्णन करतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन काठ्यांची १५० टनांहून मोठी नसे. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ आणि पाण्यात बुडणारा भाग कमी, त्यामुळे उथळ पाण्यातही ती चालत असे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि टोकाला इतर जहाजांसारखा गोलसर पुढा नसून भूमध्य समुद्रातील गॅली जहाजांप्रमाणे लांब, पुढे आलेली चोच असे. ह्या चोचीवरची फळी मुख्य तक्तपोशीच्याच (डेकच्याच) पातळीत असे, मात्र दोहोंच्या मध्ये एक आडवी भिंत असे.

आता ह्या भिंतीकडे प्रतिकृती करणाऱ्याच्या नजरेने पाहावे. समोरून लाटा येत असताना अशा बांधणीचे जहाज पुढच्या बाजूला जोराने आपटते आणि चोच पाण्याखाली जाते. म्हणून चोचीला बाजूचे कठडे मुळीच ठेवलेले नसत; आलेले पाणी अडून न राहता दोन्ही बाजूंनी वाहून जावे, हा त्यामागचा हेतू. भिंतीला भोके पाडून तिच्यामागे नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा मांडलेल्या असत आणि त्या चोचीवरून थेट पुढे मारा करीत. कुशीवरच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. जहाजावरच्या सर्वांत जड तोफा कुशीवर नसून नाकासमोर असत, हे ध्यानात घेतले म्हणजे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक प्रतिकृती कोठे चुकतात ते लगेच कळते.

गलबताविषयी ऑर्म सांगतो की ते गुराबेच्याच घडणीचे पण लहान, मोठ्यात मोठे ७० टनांच्या आसपास. डोलकाठ्या दोन, त्यांतली मागची अगदी किरकोळ. मुख्य काठीवर एकच भले मोठे तिकोनी शीड, ज्याचे टोक चढवल्यावर काठीच्याही बरेच वर जाई. वजन वाचवण्यासाठी वरची तक्तपोशी चिरलेल्या बांबूंची केलेली असे, आणि अशा गलबतावर कडेच्या फळीत फिरत्या खुंट्यांवर बसवलेल्या लहान तोफाच तेवढ्या असत. मोठ्या गलबतांना पक्की तक्तपोशी असे व त्यांवर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा मांडीत. वल्ही ४० ते ५०, आणि वेग ताशी चार मैल. वल्ह्यांचा हा आकडा तो गलबताला देतो, गुराबेला नव्हे. वारा पडला की गलबतांनी गुराबेला दोर बांधून ओढीत न्यावे, अशी त्या काळची रीत होती. तेव्हा आपल्या गुराबेला वल्ह्यांची रांग लावण्याआधी पुन्हा विचार करावा.

ह्याच्या जोडीला क्लेमेंट डाउनिंग ह्याचे १७३७ सालचे पुस्तक वाचावे. गव्हर्नर बून ह्याच्या कारकिर्दीत आंग्र्यांवर ज्या मोहिमा झाल्या त्यांत तो स्वतः होता. विल्यम फॉस्टरने टिपा देऊन सिद्ध केलेली १९२४ ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी, कारण मूळ पुस्तकातील नावांचे स्पेलिंग डोके फिरवणारे आहे. १७५६ च्या विजयदुर्गच्या मोहिमेसाठी ॲडमिरल वॉटसनचा शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्स ह्याचे १७७३ चे प्रवासवर्णन आहे. जॉर्ज फॉरेस्टने मुंबई सरकारच्या दप्तरातील निवडक कागद १८८५ पासून प्रसिद्ध केले, त्यांतील ‘मराठा सीरीज’चा खंडही चाळावा. हे सर्व स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेरचे आहे आणि इंटरनेट आर्काइव्हवर मिळते. बिडल्फचे ‘पायरट्स ऑफ मलबार’ तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अक्षरजुळणी करून ठेवलेले आहे, त्यामुळे त्यात शब्द शोधता येतो. शोधताना ‘अँग्रिया’ (आंग्रे), ‘घेरिया’ (विजयदुर्ग) आणि ‘सेव्हर्नड्रूग’ (सुवर्णदुर्ग) ही त्या काळची रूपे वापरावीत. ‘विजयदुर्ग’ असे शोधून हाती फारसे काही लागणार नाही.

बिडल्फचे शीर्षक वाचून संताप येणे स्वाभाविक आहे आणि त्याची मतेही त्या शीर्षकाला साजेशीच आहेत. परंतु त्याच्या मतांसाठी आपण तिकडे जात नाही.

रद्दीतला रसिक

‘जुनीपाने’ ह्यांनी वाचनाचे सांगितले, मी खरेदीचे सांगतो.

पहिली सूचना अशी की, मागणीनुसार छापून मिळणाऱ्या पुनर्मुद्रणांपासून सावध राहावे. जालावरच्या दुकानांत लो ह्याचा इंडियन नेव्हीचा १८७७ चा दोन खंडी इतिहास, डाउनिंग, आइव्ह्स ही सगळी पुस्तके नव्या कोऱ्या बांधणीत आणि हजार-दीड हजार रुपयांत दिसतात. त्यांतली पुष्कळशी फुकट मिळणाऱ्या स्कॅन प्रतीचीच छपाई असते. स्कॅन करणाऱ्याने घडीचा नकाशा उलगडलेला नसेल, तर छापील पुस्तकातही दुमडलेल्या कागदाचेच चित्र येते. मी घेतलेल्या एका प्रतीत किल्ल्याच्या नकाशाच्या जागी घडीची पांढरी पाठ आणि कोणाच्या तरी अंगठ्याची सावली छापलेली आहे. दोन खंडांच्या ग्रंथाचा एकच खंड विकला जातो आणि ते जाहिरातीत कोठेही लिहिलेले नसते. ज्याची स्कॅन प्रत उपलब्ध आहे ते पुस्तक आधी पडद्यावर पाहावे आणि हवी तेवढीच पाने छापून घेऊन झेरॉक्सवाल्याकडून सर्पिल बांधणी करून घ्यावी. एकाच ग्रंथाच्या दोन-तीन ग्रंथालयांतील स्कॅन प्रती असतात, त्याही ताडून पाहाव्यात. एकीत गाळलेला नकाशा दुसरीत नीट असतो.

दुसरी गोष्ट शासकीय प्रकाशनांची. कुलाबा आणि जंजिरा ह्यांचा गॅझेटियरचा अकरावा खंड १८८३ चा, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा १८८० चा, ठाण्याचा तेरावा १८८२ चा. ह्यांचा मजकूर राज्याच्या दर्शनिका विभागाने जालावर विनामूल्य ठेवला आहे, आणि जुन्या खंडांची जशीच्या तशी केलेली पुनर्मुद्रणेही त्याने काढली आहेत. ती शासकीय ग्रंथागारांत शिल्लक असतील तेव्हा आकार पाहता आश्चर्य वाटावे इतक्या कमी किमतीत मिळतात. मुंबईचे ग्रंथागार चर्नी रोडला आहे. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून प्रत आहे का ते विचारावे आणि त्या उत्तरावरही पूर्ण विसंबू नये, कारण यादीत ‘संपले’ असलेला खंड मांडणीवर धूळ खात पडलेला मी पाहिला आहे. ह्या खंडांच्या व्यापाराच्या प्रकरणांत मचवा, पडाव, बतेला, फत्तेमारी अशा गलबतांचे वर्णन येते. गुराब तेव्हा इतिहासजमा झाली होती, पण किनाऱ्यावरच्या सुतारांची पद्धत, लाकूड आणि शिडे ह्यांविषयी तेथे बरेच मिळते.

राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची जुनी पुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावर मोठ्या संख्येने पीडीएफ स्वरूपात आहेत. विक्रेत्याच्या तोंडावर पैसे फेकण्याआधी तेथे एकदा सावकाश नजर फिरवावी. वेळ लागतो, शोधयंत्र यथातथाच आहे, परंतु पैसे पडत नाहीत.

सुरेंद्रनाथ सेन ह्यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील १९२८ चा इंग्रजी ग्रंथ मात्र मी विकतच घ्या म्हणेन. त्यातील आरमाराचा भाग पुन्हा पुन्हा उघडावा लागतो, आणि त्याची भारतीय पुनर्मुद्रणे जुन्या बाजारात अधूनमधून येतात. मुंबईत हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावरच्या विक्रेत्यांकडे पुस्तकाचे नाव आणि आपला फोन क्रमांक लिहून द्यावा. त्यांच्यातील जुन्या लोकांना कोणत्या घरचा संग्रह केव्हा निघणार हे आधी कळते. घासाघीस करावी, पण पुस्तक किती हवे आहे ते चेहऱ्यावर दिसू देऊ नये.

मोजपट्टी

मी जहाजबांधणीच्या क्षेत्रात काम केले आहे, इतिहासात नाही, तेव्हा तेवढ्यापुरतेच लिहितो.

ऑर्मने लांबी-रुंदी दिलेली नाही, टन दिले आहेत, आणि हे टन म्हणजे जहाजाचे वजन नव्हे. त्या काळी इंग्लंडात वापरात असलेल्या नियमाप्रमाणे तळाच्या कण्याची लांबी, रुंदी आणि अर्धी रुंदी, सर्व फुटांत, ह्यांचा गुणाकार करून त्याला ९४ ने भागत. हे सूत्र उलटे फिरवता येते. १५० टनांच्या गुराबेचा कणा रुंदीच्या अडीचपट धरला तर रुंदी साधारण २२ फूट आणि कणा ५६ फूट येतो. तिप्पट धरला तर रुंदी २१ आणि कणा ६३ फूट. ऑर्म तिला लांबीच्या मानाने फार रुंद म्हणतो, म्हणून मी अडीचपटीच्या बाजूला झुकेन. कण्याच्या पुढे चोच आणि मागे पिछाडीचा झोक वेगळा धरावा लागेल. ऑर्मचे टन हे मुळात एखाद्या नाविकाने नजरेने केलेले अनुमान असणार, त्यामुळे ह्या आकड्यांना काटेकोर समजू नये. पण प्रतिकृतीचे प्रमाण ठरवायला ते पुरेसे आहेत. ३०० टनांच्या तीन काठ्यांच्या गुराबेपेक्षा दोन काठ्यांचीच निवडावी, कारण नेहमीची गुराब तीच होती.

आकारासाठी, म्हणजे जहाजाच्या पोटाचा बाक कसा होता ह्यासाठी, मजकुरापेक्षा आराखडे हवेत. गुराबेचा त्या काळचा मोजमापी आराखडा माझ्या पाहण्यात नाही. जवळचे आधार तीन आहेत. जॉन एडये हा त्रिंकोमालीच्या गोदीतला जहाजबांधणीचा अधिकारी होता. त्याने मलबार, कोरोमंडल आणि सिंहलद्वीप येथील गलबतांवर सचित्र लेख लिहिला, तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३४ साली आला. जेस्टोर ह्या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडले की दरमहा ठरावीक संख्येने लेख पडद्यावर वाचता येतात, त्यात हा बसतो. दुसरा आधार फ्रेंच नौदल अधिकारी एदमों पारी ह्याचा, युरोपाबाहेरील लोकांच्या जहाजबांधणीवरचा १८४० च्या दशकातील ग्रंथ. आपल्याला फ्रेंच येत नाही ह्याची काळजी नको, कारण त्यातील रेखाचित्रे आडव्या-उभ्या छेदांसकट मोजून काढलेली आहेत आणि आपल्या किनाऱ्यावरची फत्तेमारी त्यात आहे. ह्याच्याही स्कॅन प्रती जालावर पाहता येतात. तिसरा जेम्स हॉर्नेल, ज्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीसाठी १९२० साली भारतीय होड्यांच्या घडणीवर विस्तृत निबंध लिहिला.

चित्रांविषयी एक इशारा देऊन ठेवतो. विजयदुर्गच्या लढाईचे डॉमिनिक सेरेसने काढलेले प्रसिद्ध तैलचित्र ग्रिनिचच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दिसते, आणि ते सुंदर आहे, परंतु ते घटनेनंतर १५ वर्षांनी रंगवलेले आहे. त्यातील इंग्रजी जहाजे विश्वासार्ह मानावीत, आंग्र्यांची नव्हेत. सोल्विन्सने बंगालमध्ये काढलेल्या होड्यांच्या चित्रांत ‘ग्रॅब’ (गुराबेचे इंग्रजी नाव) आहे, पण ते पूर्वेकडचे आणि अर्धशतक नंतरचे जहाज आहे. चोचीची ठेवण समजायला ते उपयोगी पडेल, शिडांसाठी नाही.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुराबेला वल्ही लावण्याचा बेत आम्ही केलाच होता, तो सध्या थांबवला आहे.

एक शंका विचारतो. आतापर्यंत सुचवलेले जवळजवळ सर्व आधार इंग्रजांचे आहेत, आणि प्रतिकृतीखालच्या फलकावर केवळ शत्रूच्या साक्षी लिहायच्या हे आमच्यातील काहींना रुचत नाही. मराठी कागदपत्रांत जहाजांविषयी काहीच नसावे का? आणि असेल तर ते तालुक्याच्या गावात बसून वाचता येईल का?

दप्तरदार

मराठी साधनांत आहे, पण वेगळ्या प्रकारचे आहे. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार अशी जहाजांच्या प्रकारांची नावे येतात, मापे येत नाहीत. जो माणूस रोज गुराब पाहत होता त्याला तिचे वर्णन लिहून ठेवण्याचे कारण नव्हते. ज्याला तिच्याशी लढायचे होते त्याने ते लिहिले. फलकावर इंग्रजांची साक्ष येण्यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

तरीही रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण आपण वाचलेच पाहिजे, आणि त्यासाठी चार पैसेही मोजावे लागू नयेत, कारण त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत व बहुतेक जुन्या वाचनालयांत एखादी असतेच. गुराबा फार थोर नसाव्यात आणि फार लहानही नसाव्यात, वाऱ्यावाचून हलत नाहीत अशी मोठाली जहाजे बांधू नयेत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, ही रचनाही तेथेच आहे. ऑर्मने आंग्र्यांच्या मुख्य आरमारात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते सांगितली आहेत. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे एका गुराबेमागे तीन ते पाच गलबते हे प्रमाण दोन्हीकडून दिसते. त्यामुळे गुराबेबरोबर निदान एक छोटे गलबतही करता आले तर पाहावे.

लाकडाविषयीचा मजकूर तर आपल्या सुतारमित्राला मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे. सागवानासारखी झाडे परवानगी घेऊन तोडावीत, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा आदेश अनेकांना पाठ असतो. तो आरमाराच्या प्रकरणातला आहे हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. प्रतिकृती सागवानाची करावी की आंब्याच्या फळीची, हा प्रश्न तेथेच निकालात निघतो.

पोर्तुगीज साधनांसाठी पोर्तुगीज शिकण्याची गरज नाही. पांडुरंग पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली मराठीतच प्रसिद्ध केला, आणि त्यात पणजीच्या दप्तरातील पत्रांचा आशय दिलेला आहे. शिवाजी महाराजांच्या पहिल्या जहाजांवर काम करणारे रुय लैतांव व्हियेगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज कारागीर १६५९ साली काम सोडून निघून गेले, ही हकीकत अशाच पोर्तुगीज पत्रांतून आपल्याला कळली. जुन्या बाजारात हा ग्रंथ दिसला तर सेनांच्या पुस्तकाआधी हा घ्यावा, असे माझे मत आहे. ‘रद्दीतला रसिक’ कदाचित सहमत होणार नाहीत.

आंग्रे घराण्याची माहिती दा. गो. ढबू यांच्या ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ ह्या १९३९ च्या पुस्तकात आहे. ते विकत शोधण्याच्या फंदात न पडता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात विचारावे. संदर्भ विभागातील पुस्तक घरी मिळत नाही, परंतु स्वतःच्या अभ्यासापुरत्या काही पानांच्या प्रती काढून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही आणि बहुतेक ठिकाणी विनंती केल्यास ती सोय होते. जाताना आपल्या वाचनालयाच्या कार्यवाहांचे पत्र न्यावे. पत्र असले की खिडकीवरचा सूर बदलतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या दुर्मीळ पुस्तकांच्या प्रती ‘ग्रंथसंजीवनी’ ह्या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचाही जुन्या ग्रंथांचा असाच मोठा अंकीय संग्रह आहे. हे दोन्ही तालुक्याच्या गावातून पाहता येतात.

गो. स. सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत आंग्रे आणि जंजिरा ह्यांविषयीची पत्रे विखुरलेली आहेत. त्यांत तोफा, दारूगोळा, खलाशांचे पगार आणि दुरुस्ती ह्यांचे उल्लेख येतात. मात्र हे काम महिनोन्महिने चालणारे आहे, आणि आपल्याला प्रतिकृती ह्या जन्मी पुरी करायची असेल तर पहिल्या फेरीत ह्या खंडांना हात लावू नये.

रद्दीतला रसिक

पिसुर्लेकरांविषयी पूर्ण सहमत आहे, फक्त ते सेनांपेक्षा पुष्कळच दुर्मीळ आहेत. त्यामुळे जे आधी दिसेल ते घ्यावे.

बाहेरगावच्या विक्रेत्याकडून मागवताना टपालाचा खर्चही धरावा. पुस्तकांसाठी असलेली टपालाची जुनी सवलतीची सेवा बंद झाली तेव्हा ३०० रुपयांच्या पुस्तकाला शंभराच्या वर हशील पडू लागले होते. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा दर सुरुवातीस ठेवलेला आहे. पार्सल जमिनीमार्गे येते, म्हणून उशीर होतो, पण त्याचा माग काढता येतो. विक्रेते आपणहून ही सेवा वापरतातच असे नाही, तेव्हा पैसे पाठवण्यापूर्वी तसे स्पष्ट कळवावे आणि मुखपृष्ठाबरोबरच अनुक्रमणिकेचे व शेवटच्या पानाचे छायाचित्र मागवावे.

मोजपट्टी

एक राहिले. विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत गिर्ये येथे आंग्र्यांची खडकात खोदलेली गोदी आहे, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने विजयदुर्ग परिसरात केलेल्या पाहणीचे निबंध संस्थेच्या संकेतस्थळावरील संग्रहात विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘विजयदुर्ग’ असे इंग्रजीत टाकून शोधावे; येथे आजचेच नाव चालते. तिकडे प्रत्यक्ष जाणार असाल तर ओहोटीची वेळ पाहून जावे आणि गोदीच्या तोंडाची रुंदी टेपने मोजून आणावी. माझ्या गणिताने आलेले २२ फूट तेथून आत जाताना दोन्ही बाजूंना किती जागा उरते ते कळले, तर रुंदीचा आकडा कोणत्या बाजूला सरकवायचा ते मी सांगू शकेन.